लिलावात काय द्यावं? (शेतावरचा फॉल फंडरेझर, सॅक्रामेंटो)

केळफूल | १७ ऑगस्ट २०२५, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, मदत हवीय म्हणूनच काढतेय हे आधीच कबूल करते.

आम्ही सॅक्रामेंटोजवळ फॉल्समच्या बाजूला राहतो. इथे एका शाळेच्या मागे अडीच एकराचं शेत आहे, नॉनप्रॉफिट आहे, म्हणजे भाजी विकून नफा हा हेतूच नाही, शाळेच्या पोरांना शेती दाखवणं हा हेतू. तिसरी-चौथीची पोरं बस भरून येतात, गाजर उपटतात, ते मातीतून निघालं की किंचाळतात. (खरंच किंचाळतात. एकाने मला विचारलं होतं की ह्याला माती कुणी लावली.) मुलाला हायस्कूलचे वॉलंटियरिंगचे तास भरायचे होते म्हणून मी त्याला सोडायला जायचे, गाडीत बसून फोन बघायचे, एक दिवस कुणीतरी काचेवर टकटक करून विचारलं की हातमोजे देऊ का, आणि मग झालंच. मुलाचे तास कधीच संपले, मी अजून जातेय.

तर दरवर्षी सप्टेंबरअखेर शेतावर संध्याकाळचा कार्यक्रम असतो. वाफ्यांच्या मधे लांबच लांब टेबलं लावून जेवण, थोडं गाणंबजावणं, आणि सायलेंट ऑक्शन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टेबलावर वस्तू किंवा नुसतं वस्तूचं कार्ड ठेवतात, शेजारी कागद, ज्याला हवी त्याने आपला नंबर आणि आकडा लिहायचा, पुढच्याने त्याच्याहून मोठा लिहायचा, वेळ संपली की शेवटचा आकडा ज्याचा त्याची वस्तू. वर्षाच्या खर्चाचा मोठा भाग ह्या एका संध्याकाळी उभा राहतो. मी यंदा कमिटीत आहे, नाही म्हणता येत नाही हा माझा जुना आजार. प्रत्येकाने तीन वस्तू आणायच्यात. दोन मिळाल्या, एका डेंटिस्टने दात पांढरे करून देण्याचं कूपन दिलंय आणि शेजाऱ्यांनी टाहो तळ्याकाठच्या केबिनच्या दोन रात्री. तिसरी सुचत नाहीये. नवरा म्हणतो आठ जणांचं पुरणपोळीचं जेवण दे. तुम्ही काय द्याल?

टिवल्याबावल्या | १७ ऑगस्ट, रात्री १०:४०

थोडक्यात वर्गणी :) आम्ही पावतीपुस्तक घेऊन दारात उभे राहायचो, तुम्ही लोकांना दारात बोलावून जेवायला घालून मग मागताय, एवढाच फरक.

तिकीट किती आहे?

केळफूल | १७ ऑगस्ट, रात्री १०:५१

माणशी १५० डॉलर. ऐकायला जास्त वाटतं माहितीय. मलाही पहिल्या वर्षी वाटलं होतं, म्हणून मी पहिल्या वर्षी भांडी घासायला गेले होते, वॉलंटियरला जेवण फुकट.

आडवातिडवा | १८ ऑगस्ट, सकाळी ८:०५

दीडशे डॉलर देऊन शेतात बसून जेवायचं!! आमच्या आजोबांनी आयुष्यभर शेतात बसून भाकरी खाल्ली, त्यांना कुणी पैसे दिले नाहीत आणि त्यांनीही कुणाला दिले नाहीत. ज्या देशात हजार हजार एकराचे शेतकरी आहेत तिथे अडीच एकराची नाटकं. पोरांना गाजर दाखवायला यूट्यूब आहे की. माझं स्पष्ट मत आहे की हे सगळं श्रीमंतांचं मन रमवणं आहे.

सॅनहोजेचा_सदू | १८ ऑगस्ट, सकाळी ९:३०

आडवातिडवा, यूट्यूबवरच्या गाजराला चव नसते हो.

केळफूल, हे सॉइल बॉर्न फार्म्स का? रँचो कॉर्डोव्हाला अमेरिकन रिव्हरच्या काठावरचं? आमचे मित्र तिकडे राहतात, त्यांच्या अंगणातल्या झाडाची संत्री त्या लोकांनी येऊन तोडून नेली होती, फूड बँकेला द्यायला. हार्वेस्ट सॅक्रामेंटो की काय नाव आहे त्या उपक्रमाचं. मला लहानपणी आजी सांगायची तो सरवा वेचणं आठवला, पीक काढून झाल्यावर रानात राहिलेली कणसं ज्याला हवी त्याने वेचायची.

आमच्या सॅन होजेत व्हेजिल्यूशन नावाचं असंच शेत आहे, एमा प्रश पार्कमधे, तीन हायवे डोक्यावर एकमेकांत गुंतलेत आणि खाली सहा एकरात टोमॅटो. पहिल्यांदा गेलो तेव्हा ट्रकचा आवाज आणि कोंबड्यांचा आवाज एकदम ऐकून हसायलाच आलं. पण ईस्ट सॅन होजेत ताजी भाजी मिळणं सोपं नाही, तिथे त्याचा उपयोग आहे.

केळफूल | १८ ऑगस्ट, दुपारी १२:१५

नाही नाही, सॉइल बॉर्न मोठं काम आहे, २००० सालापासूनचं, आता ५५ एकर. त्यांच्यापुढे आमचं शेत लिंबूटिंबू. नाव मुद्दाम लिहीत नाही, कमिटीत असून कमिटीबद्दल लिहायचं म्हणजे उगाच. पण ह्या भागात असलं बरंच आहे, सॅक्रामेंटो २०१२ पासून स्वतःला फार्म टु फोर्कची (शेतातून थेट ताटात) राजधानी म्हणवून घेतं, सप्टेंबर आला की गावभर तेच.

आडवातिडवा, हजार एकरवाले आहेत म्हणूनच तर. सॅक्रामेंटो व्हॅलीत भाताची, टोमॅटोची, बदामाची एवढी शेतं आहेत आणि आमच्या गल्लीतल्या पोरांनी त्यातल्या एकाच्याही मातीला हात लावलेला नाही.

हिशेबनीस | १८ ऑगस्ट, रात्री ९:२०

पैशाचं थोडं मी सांगतो, रोजचंच काम आहे. १५० चं तिकीट म्हणजे १५० ची देणगी नव्हे. समजा जेवणाची बाजारभावाने किंमत ६० धरली तर देणगी ९० ची. ७५ डॉलरच्या वर पैसे घेऊन बदल्यात काही दिलं असेल तर त्यातलं देणगी किती हे लिहून देणं संस्थेवर बंधनकारक आहे, आणि २५० किंवा जास्त दिले तर त्यांचं पत्र जपून ठेवा. लिलावात पण तसंच, टाहोच्या केबिनचं भाडं ४०० असताना तुम्ही ३५० ला घेतली तर तुम्ही देणगी दिलेलीच नाही, स्वस्तात सुट्टी घेतली.

अजून एक, पुरणपोळीचं जेवण दिलंत तर डाळ-गुळाचा खर्च दाखवता येईल, तुमच्या चार तासांच्या कष्टाची वजावट शून्य. सेवेची वजावट नाही. गाडीने गेलात त्याचे मैलाला १४ सेंट मिळतात, तो दर वर्षानुवर्षं हललेला नाही.

आणि बहुतेक जण स्टँडर्ड डिडक्शन (खर्च न दाखवता मिळणारी सरसकट वजावट) घेतात त्यामुळे ह्यातलं काहीच त्यांना लागू होत नाही, पण पुढच्या वर्षी, २०२६ पासून, स्टँडर्डवाल्यांना पण रोख देणगीवर एकट्याला १००० आणि जोडीला २००० पर्यंत वजावट आहे. भारतातल्यांसाठी: आयकराच्या ८०जी कलमामधे रोख २००० रुपयांच्या वर दिलेलं धरत नाहीत, आणि नवी कररचना घेतली असेल तर ८०जी विसरा.

कंपनी मॅचिंग करत असेल, म्हणजे तुमच्या देणगीत स्वतःची भर घालत असेल, तर विसरू नका बरं का. अर्धे लोक तो फॉर्मच भरत नाहीत.

टिवल्याबावल्या | १८ ऑगस्ट, रात्री ९:४४

चार तासांच्या कष्टाची वजावट शून्य हे आमच्या घरात पहिल्यापासूनच लागू आहे :D

केळफूल ताई, सायलेंट ऑक्शनपेक्षा लॉटरी काढा, सोपं.

हिशेबनीस | १८ ऑगस्ट, रात्री ९:५८

कॅलिफोर्नियात रॅफल म्हणजे आधी ॲटर्नी जनरलकडे नोंदणी, आणि तिकिटांच्या जमा पैशातला ९० टक्के धर्मादाय कामालाच जायला हवा असा कायदा आहे. अर्धे विजेत्याला अर्धे संस्थेला हा प्रकार इथे चालत नाही. सोपं नाही.

झेडपीचे_गुरुजी | १९ ऑगस्ट, सकाळी ७:१०

ताई, आमच्या शाळेत परसबाग आहे, पोषण आहाराच्या खिचडीत त्यातलीच पालक-मेथी पडते. फंडरेझर वगैरे नाही, आमच्याकडे त्याला लोकसहभाग म्हणतात. एकाने पाईप दिला, एकाने जुनी मोटर दिली, ती जळाली, मग दुसऱ्याने रिवाइंड करून दिली. सरपंचांनी कुंपण देतो म्हणून दोनदा भाषण केलं, कुंपण शेवटी पालकांनी बोराटीचं घातलं.

एक सुचवू का, लिलावातलं नाही. आमच्याकडे बाल आनंद मेळावा असतो, पोरं घरून भाजी, लिंबं, भेळ आणतात आणि स्वतः विकतात, मोड देतात, हिशेब मांडतात. ज्याला वर्गात वजाबाकी येत नाही तो तिथे बरोबर पन्नासातून सतरा वजा करतो. तुमच्या कार्यक्रमात पोरं कुठे दिसली नाहीत, नुसती मोठी माणसं जेवतायत. पोरांना विकायला बसवा.

केळफूल | १९ ऑगस्ट, रात्री ९:०२

गुरुजी, हे इतकं बरोबर आहे की मला लाज वाटली. मीटिंगमधे मांडते.

मिल्वॉकीकर | २० ऑगस्ट, रात्री ११:३०

जरा कडू बोलतो. आमच्या गावात ग्रोइंग पॉवर होतं. विल ॲलन म्हणून माजी बास्केटबॉल खेळाडू, त्याने १९९३ मधे शहरातली शेवटची उरलेली ग्रीनहाऊसेस घेतली, खालच्या टाक्यांत मासे, वर भाजी, गांडूळखताचे डोंगर, देशभरातून लोक शिकायला यायचे. २००८ ला त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. मी स्वतः दोनदा गेलोय, हिवाळ्यात बाहेर बर्फ आणि आत कंपोस्टच्या उबेवर पालक उभा, डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता.

२०१७ ला बंद पडलं. पैशाच्या अडचणी, देणी, कोर्टकचेरी. असं नाव असलेली संस्था!

भाजी विकून असलं शेत चालत नाही. शिकवणाऱ्या माणसाचा पगार, विमा, पाणी, बस, संडास, हे सगळं मुळ्याच्या जुडीतून निघत नाही. आणि मोठे ग्रँट देणारे नव्या प्रोजेक्टला पैसे देतात, जुन्या पंपाला देत नाहीत. पंपाचे पैसे अशा जेवणातूनच येतात. तेव्हा दीडशे डॉलरला हसू नका. उलट कमिटीत आहात तर विचारा की सहा महिन्यांचा खर्च हाताशी आहे का. संस्था टॅक्सखात्याला दरवर्षी हिशेबाचा ९९० फॉर्म देते, तो कुणालाही बघता येतो, बघा.

आडवातिडवा | २१ ऑगस्ट, सकाळी ८:००

म्हणजे मी म्हणतो तेच की, धंदा म्हणून चालत नाही.

मिल्वॉकीकर | २१ ऑगस्ट, सकाळी ८:१२

शाळा तरी कुठे धंदा म्हणून चालते.

(इंटरनॅशनल स्कूलबद्दल नंतर बोलू.)

माटुंग्याची | २१ ऑगस्ट, दुपारी ४:२५

आमच्या मुंबईत एकर कुठून आणायचा, गच्च्या आहेत. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील ह्यांनी बाग केली, त्या तिथे केटरिंगचं काम बघायच्या, स्वयंपाकघरातून रोज निघणारी सालं आणि देठं टाकायची कुठे हा मूळ प्रश्न होता. त्याच्या मागे श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराची पद्धत आणि डॉ. दोशींचं उसाच्या चिपाडावर भाजी घेण्याचं तंत्र. मग अर्बन लीव्हज हा शहरी शेतीचा गट सुरू झाला. मी काही रविवार गेले होते. कधी कुणी दीडशे डॉलर मागितले नाहीत पण आमचं सगळं त्या दोनचार माणसांच्या चिकाटीवर उभं असतं, ती दमली की संपलं. त्यामुळे मिल्वॉकीकरांचं पटलं.

केळफूल | ३१ ऑगस्ट, रात्री १०:३०

अपडेट. पुरणपोळी बाद. कोऑर्डिनेटर म्हणाली घरच्या किचनमधला स्वयंपाक आमच्या नावावर विकायला नको, काउंटीच्या परवानग्यांचं लफडं होतं. शेतावरच्या किचनमधे काय करायचं ते करा. तिथे दोन शेगड्या आणि एक सिंक आहे, तिथे पुरण शिजवायचं म्हणजे पोळ्या दिवाळीला होतील.

पण मधे घोळ झालाय. खराखुरा घोळ, भाजीचा.

सासूबाई आल्यात वाईहून सहा महिन्यांसाठी. घरात बसून कंटाळल्या म्हणून रविवारी शेतावर नेलं. वॉलंटियर मंडळी वाफ्यातलं तण उपटून ढिगावर टाकत होती आणि आई एकदम म्हणाल्या, "अगं थांबव त्यांना, घोळ टाकतायत!" बघते तर खरंच, लाल देठाची, जाड पानांची, जमिनीला पसरलेली, टोपलीभर घोळ कंपोस्टमधे चाललेली. त्या सरळ ढिगाशी जाऊन बसल्या आणि निवडायला लागल्या. मुलगा त्यांना सांगायला लागला की आजी तो कंपोस्टचा ढीग आहे, तो ऑरगॅनिकच्या नियमाने करतात, १५ दिवस ५५ डिग्रीच्या वर ठेवायचा आणि तेवढ्यात निदान पाच वेळा उलटायचा, तो थर्मामीटर बघ. आई म्हणाल्या, उकिरड्याला थर्मामीटर? त्याला ताप आलाय का?

तेवढ्यात एक मेक्सिकन बाई आल्या, साठीच्या असतील, त्या पण दर आठवड्याला येतात, आईंच्या पदरातली भाजी बघून म्हणाल्या "व्हेर्दोलागास!" आणि दोघी एकमेकींना हातवारे करून रेसिपी सांगायला लागल्या. त्या डुकराच्या मांसात घालतात. ते मी भाषांतर केलं नाही, आई शुद्ध शाकाहारी.

तर तिसरी वस्तू ठरली. "आजीबरोबर तण खा". चार जणांना शेतातून फिरवून घोळ, माठ, चाकवत ओळखायला शिकवायचं, आणि दोन शेगड्यांवर दोन भाज्या करून भाकरीबरोबर खायला घालायच्या. नाव कोऑर्डिनेटरला फारच आवडलं.

चिवळ | ३१ ऑगस्ट, रात्री १०:५५

माझा आयडी बघा, मी बोललेच पाहिजे :) आमच्या विदर्भात बारीक पानांची चिवळ, तिची भाजी मुगाच्या डाळीत. उन्हाळ्यात मिळते आणि निवडता निवडता जीव जातो. तुमची ती मोठ्या पानांची घोळ. चव आंबट, किंचित चिकट. लसूण आणि लाल मिरची सढळ घाला.

औषधी_आगाऊ | १ सप्टेंबर, सकाळी ६:४०

दोन सावधगिरीच्या गोष्टी, लोकांना खायला घालताय म्हणून. घोळीच्या शेजारीच तशीच जमिनीला चिकटून पसरणारी दुधी किंवा नायटी उगवते, कॅलिफोर्नियात तर फारच. देठ मोडून बघायचा, पांढरा चीक आला तर टाकायची, ती खायची नाही. घोळीला चीक नसतो, पाणीदार असते. दुसरं, घोळीत ऑक्झॅलेट बरंच असतं, किडनी स्टोन झालेल्यांनी जपून. आणि ज्या वाफ्यावर तणनाशक मारलंय तिथली नको, पण तुमच्याकडे ऑरगॅनिक असेल तर प्रश्न नाही.

आडवातिडवा | १ सप्टेंबर, सकाळी ८:०२

सासूबाई व्हिजिटर व्हिसावर ना? काम करवून घेताय.

केळफूल | १ सप्टेंबर, दुपारी १:३०

त्यांना कुणी पैसे देत नाही, त्या पाहुण्या म्हणून येणार, बोलणार मी, भाजी करणार मी. त्या फक्त मला चुका दाखवणार. ते त्या घरी पण करतात, त्याला व्हिसा लागत नाही.

औषधी_आगाऊ, खूप आभार, चिकाची टेस्ट कार्डावरच छापते.

आडवातिडवा | २४ सप्टेंबर, सकाळी ८:१५

तुमचा सोहळा चालू द्या. इकडे मराठवाडा आणि सोलापूर पाण्याखाली आहे, धाराशिव, बीड, लोकांची जनावरं वाहून गेली, उभं सोयाबीन गेलं. आणि मराठी माणसं अमेरिकेत गाजराला देणग्या देतायत. मला वाटतं धागा बंद करावा.

टिवल्याबावल्या | २४ सप्टेंबर, सकाळी ८:४०

पूरग्रस्तांच्या मदतीचा वेगळा धागा वर पिन केलाय. तिथे तुमचा आयडी दिसला नाही अजून.

केळफूल | २४ सप्टेंबर, रात्री ८:१०

आडवातिडवा, टोचलं, पण चुकीचं म्हणत नाही. परवा आईंनी इथे घट बसवला, परडीत शेतावरचीच माती घातली, नेमका त्याच दिवशी विषुवदिन होता, आणि दिवसभर त्या टीव्हीवर पुराच्या बातम्या बघत होत्या. आमच्या मंडळाने पैसे गोळा करायला सुरुवात केलीय. एक दिलं म्हणून दुसरं द्यायचं नाही असं माझ्याकडून तरी होणार नाही. शनिवारचा कार्यक्रम होणार आहे.

केळफूल | २९ सप्टेंबर, रात्री ११:२०

झाला एकदाचा. पाय दुखतायत, लिहून टाकते नाहीतर राहून जाईल.

दुपारी तीनला टेबलं मांडायला घेतली तेव्हा रणरणतं ऊन, सप्टेंबर इथे नावालाच फॉल. बसायला पेंढ्याचे गठ्ठे नको म्हणून आधीच ठरलं होतं, वाळलेलं गवत आणि दिव्यांच्या माळा एकत्र नको. सहाच्या सुमाराला डेल्टा ब्रीझ सुरू झाली, समुद्राकडून खाडीवाटे येते ती, आणि सगळ्यांचे चेहरे बदलले. ती यायच्या आधी भाषण ठेवू नये, हे पुढच्या कमिटीसाठी लिहून ठेवलंय. गांधीलमाश्या मात्र ब्रीझला जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी एका अनुभवी काकांनी लांब कुंपणापाशी चिकनचा तुकडा टांगला, बऱ्याचशा तिकडे गेल्या. साडेसातला सगळे दिवे गेले, कारण कुणीतरी कॉफीचा मोठा पर्कोलेटर आणि दिव्यांची माळ एकाच एक्स्टेंशनला लावली होती. अंधारात दोन मिनिटं सगळे गप्प होते आणि कोंबड्यांच्या खुराड्यातून कुरकुर ऐकू येत होती. मला तर ते आवडलं.

गुरुजी, पोरांचं दुकान सुपरहिट! सहा पोरं होती, स्वतः वाढवलेले चेरी टोमॅटो, तुळस (ती इटालियन, आईंनी वास घेऊन परत ठेवली), लाल भोपळे, झेंडूच्या जुड्या. एक नऊ वर्षांची मुलगी टोमॅटोचा डबा चार डॉलरला विकत होती आणि मोड मागितली की "मोड म्हणजे देणगी" म्हणायची, तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्याकडे सर्वात जास्त जमले. झेंडू सगळा आईंनी घेतला, दसऱ्याच्या तोरणाला.

मग पॅडल रेझ. हे आपल्याकडे नाही म्हणून सांगते. निवेदिका मोठ्या आकड्याने सुरू करते, २५०० कोण देणार? ज्याला द्यायचेत त्याने नंबराची पाटी वर करायची. मग १०००, मग ५००, असं खाली खाली येत ५० पर्यंत. आईंना कळेना, म्हणाल्या लिलावात बोली वर जाते ना गं, ही खाली का उतरतेय, भाव पडलाय का? मी सांगितलं की वस्तू काहीच नाही, नुसते द्यायचे. त्यावर म्हणाल्या, मग एवढ्या लोकांत हात वर कसा करवतो, आपल्यात तर देणारा गुपचूप देतो. मी म्हटलं आई, आपल्यात देवळाच्या पायरी पायरीवर नाव असतं. त्या हसल्या.

२५०० ला शांतता. निवेदिका थांबली, पाणी प्यायली. मग एकच पाटी वर गेली, एक आजोबा, दरवर्षी गाडी लांब लावून चालत येणारे, कुणाला त्यांचं नावही नीट माहीत नव्हतं. मग १००० ला चार, आणि ५० ला तर जंगलच. वॉलंटियरांनी पण, भांडी घासणाऱ्यांनी पण. पाण्याच्या पंपाचे पैसे निघाले आणि बसचे जवळजवळ वर्षभराचे. मिल्वॉकीकर, सहा महिन्यांच्या खर्चाचं मी विचारलं होतं, उत्तर "चार महिने" असं आलं, ते आता पाच झालेत.

आईंनी निघताना पाकिटात घालून २१ डॉलर दिले आणि पावती मागितली. ईमेल येईल म्हटलं तर चालेना, नाव लिहिलेली पावती पाहिजे. शेवटी कोऑर्डिनेटरने एका बियाण्याच्या पाकिटाच्या मागे लिहून सही करून दिली. ती आता देवघरात आहे.

माटुंग्याची | २९ सप्टेंबर, रात्री ११:४८

बियाण्याच्या पाकिटावरची पावती! फोटो टाका.

आणि घोळ? घोळीचं काय झालं?

केळफूल | ३० सप्टेंबर, सकाळी ७:३०

अरे हो. पहिला पाऊण तास कागद कोरा. शेजारी टाहोच्या केबिनवर रांग, दात पांढरे करण्यावर सुद्धा सात जणांचे नंबर, आणि आपलं "आजीबरोबर तण खा" रिकामं. माझा चेहरा पडला. आईंनी बघितलं, उठल्या, वाफ्यातून घोळीचा एक झुपका आणला, पाण्याच्या ग्लासात कागदाशेजारी ठेवला आणि खुर्ची ओढून तिथेच बसल्या. कुणी आलं की एक पान तोडून हातात द्यायच्या, खा म्हणायच्या. मराठीत. लोक खायचे. आंबट लागलं की डोळे मोठे व्हायचे.

मग एक निवृत्त शिक्षिका आणि एक रेस्टॉरंटवाला ह्यांच्यात जुंपली, वीस वीस डॉलरने. ३४० ला रेस्टॉरंटवाल्याने घेतलं. चौघांत एक तो, एक त्याचा स्वयंपाकी, आणि उरलेल्या दोन जागा त्याने त्या शिक्षिका बाईंना आणि त्यांच्या नातीला दिल्या. ११ ऑक्टोबरला आहे. थंडी पडली की घोळ संपते म्हणून लवकर ठेवलंय.

हिशेबनीस | ३० सप्टेंबर, सकाळी ९:१०

त्या ३४० मधली देणगी किती हे ठरवायचं तर चार जणांच्या घोळीच्या भाजीची बाजारभावाने किंमत काढावी लागेल. शुभेच्छा.

सीनाकाठ | ९ ऑक्टोबर, रात्री ९:५०

नमस्कार. मी परांडा तालुक्यातला. वरचेवर वाचत असतो, लिहीत नाही. वर आमच्या पुराच्या नावानं भांडण झालं ते आज वाचलं. आमच्यासाठी धागा बंद करायची गरज नाही, आम्हाला करमणूक पण लागती.

आमचं साडेतीन एकर नदीकाठाला. सीनामाईनं दीड एकराची माती धुऊन नेली, खाली नुसता मुरूम उघडा पडलाय. शासनानं परवा ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, हाती काय येतं ते दिसंल. पिन केलेल्या धाग्यावरनं चाऱ्याची गाडी आमच्या गावात पोचली, कुणी पाठवली माहीत नाही, पाठवणाऱ्याला कळावं म्हणून लिहितोय, कडबा चांगला होता.

माती लय हळू होती, हे तिकडच्या पोरांना शिकवत असाल तर बरं करताय. आमच्या पोरांना एका रात्रीत कळलं.

आता गंमत सांगतो. पाणी ओसरून बारा-तेरा दिवस झाले, राहिलेल्या रानात अजून काय सुदीक उगवलं नाही. उगवलीय ती घोळ. मळीवर लालचुटूक पसरलीय सगळीकडं. कारभारीण काल केली भाजी, चुलत्याकडनं आणलेली बाजरी होती तिची भाकरी. एरवी आम्ही तिला तणनाशक मारतो.

ताई, भाव किती म्हणालात?

केळफूल | ९ ऑक्टोबर, रात्री १०:०४

दादा, चार माणसांना ३४० डॉलर. आत्ताच्या दराने तीस हजारच्या आसपास.

आईंना तुमची पोस्ट वाचून दाखवली. त्या विचारतायत मळीवरची घोळ दोनदा धुतली का, रेती राहते म्हणे.

सीनाकाठ | ९ ऑक्टोबर, रात्री १०:११

तीनदा धुतली. तरी कचकच लागलीच.

तीस हजार!! कारभारणीला सांगितलं, ती म्हणती उद्यापासनं भाजीला पावती द्या.